सातविणीवर गेलेली डॉक्टरीण

अनुजा पेंडुरकर लहानपणी झोपाळ्यावरसुद्धा बसायची नाही. कट्टा गावाजवळच्या त्यांच्या काजूच्या बागेत चुलत भावंडं फांदीफांदीवर लोंबकळत असायची आणि ही खाली बसून कोंबडीची पिल्लं जमवायची. आई, रुक्मिणी, शेजारणीला हसत सांगायची, "ह्यां चेडू जमनीक चिकाटलेला आसा गो." माळ्यावरची परडी काढायला शिडी लावली की अनुजाचे तळवे घामानं भिजत. कुणी त्याचं फार मनावर घेतलं नाही. जमिनीवर राहूनही माणसाचं आयुष्य चांगलं जातं, अशी तिचीही समजूत होती.

गंमत बघा, मुलगी जनावरांची डॉक्टर झाली ती झाली, आणि पोटापाण्याला लागली ती पक्ष्यांच्या मागे. मालवणात वन्यजीवांचं आरोग्य आणि पक्ष्यांचं जीवन अभ्यासणारी एक टीम आहे, तिची ती डॉक्टर. पंख मोडलेली घार, मांज्यानं कापलेलं घुबड, पावसाळ्यात वाऱ्यानं किनाऱ्यावर आणून टाकलेले खोल समुद्रातले पक्षी, सगळे तिच्या टेबलावर येत. टेबल कमरेएवढं उंच. आकाशातल्या प्राण्याशी तिचा संबंध तेवढ्याच उंचीवर यायचा आणि तिला तो पुरत होता.

माघ महिन्यात दत्ताराम बातमी घेऊन आला. दत्ताराम आरोंद्याचा पाडेली. जन्मभर माडावर चढून नारळ पाडले, आता टीमसाठी झाडं चढतो. खाडीच्या तोंडावरच्या एका गावात देवराई आहे. त्या राईत जुनी सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, आणि तिच्या शेंड्यावर समुद्रगरुडाचं घरटं. पिल्लू आईएवढं झालं होतं, पण उडत नव्हतं. अनुजानं दुर्बिणीला डोळा लावला. पिल्लू पंख पसरी, वारा धरी, अंगभर उचललं जाई आणि एक पाय मागेच राही. मग ते कोसळल्यासारखं घरट्यात बसे. आईबापांनी आणलेल्या कुठल्याशा माशाबरोबर जाळ्याचा नायलॉनचा दोरा वर गेला होता. तो पायात रुतून पिल्लाला घरट्याशी बांधून बसला होता. पिल्लाचा पाय जाड होत होता, दोरा काही सैल होत नव्हता. पाय गेला तर शिकार गेली, आणि शिकार गेली म्हणजे पक्षी गेला. हे अनुजाला कुणी सांगायची गरज नव्हती.

टीमचा प्रमुख विनीत. पुण्याकडचा, कामात वाघ, बोलण्यात कागदाला धरून. वनखात्याचं परवानगीपत्र घेऊन तो राईतल्या देवळाशी गेला. गुरव गंगाराम यांनी पत्र शांतपणे वाचलं आणि परत दिलं.

"सरकारची परवानगी ही. देवाची खंय आसा?"

मग कौल लावायचं ठरलं. काय मागणं मागायचं, असं गंगारामांनी विचारलं, आणि विनीतनं नेहमीचं सांगितलं: पिल्लू खाली आणायचं, टेबलावर ठेवायचं, वजन, रक्त, उपचार, मग परत वर. त्यांची ती रीतच होती. इतक्या पाखरांना टेबलावर आणलेल्या माणसांना दुसरं काही सुचलंच नाही.

देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गंगाराम हात जोडून गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, तुज्या झाडार एक पोर अडाकला आसा. ही मंडळी तेका खाली हाडून औषधपाणी करतत. पसंत आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले गावकरी म्हणाले. अनुजा गप्प उभी राहिली. तिचं देवाशी भांडण नव्हतं आणि फारशी ओळखही नव्हती.

डावी पाकळी पडली.

"हंयसून सुकी काटकी पण कोण नेणा नाय," गंगाराम म्हणाले. "पोराक कसो सोडतलो?"

विनीतचा चेहरा उतरला. राईत कोयता चालत नाही म्हणून तर ती सातवीण एवढी वाढली, म्हणून तर गरुडानं तिच्यावर घर केलं. ज्या नियमानं पिल्लू जन्माला आलं तोच आता आडवा आला होता, आणि तो मोडायला टीममधलं कुणीही धजावलं नसतं. सगळे वर बघत राहिले. वर पिल्लानं पुन्हा पंख पसरले, पुन्हा ते कोसळलं.

तेव्हा दत्ताराम डोक्याचा पंचा सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "देवान खाली हाडूक नको सांगल्यान. डाक्टरणीक वर न्हेवचा काय, ता खंय इचारलात?"

अनुजाला वाटलं, जमीन पायाखाली असताना पहिल्यांदाच आपल्याला चक्कर येतेय. गंगारामांनी तिच्याकडे पाहिलं. "इचारू?" नाही म्हणायला तोंड उघडलं तर खरं, पण डोळे त्या शेंड्यावर होते. तिनं मान डोलावली. फक्त दोरा कापायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं गंगारामांनी देवाला सांगितलं. या वेळी उजवी पाकळी इतक्या चटकन पडली की विनीतसुद्धा हसला.

ती कशी चढली हे विचारू नका, तिलाही नीट सांगता येत नाही. कमरेला पट्टे, पट्ट्यांना दोर, वर दत्ताराम. "खाली बघू नकात. माजे पाय बघा." ती त्याच्या भेगाळलेल्या टाचा बघत गेली. हाताला सातविणीचा चीक लागला, मध्येच एकदा खोडाला मिठी मारून ती रडली आणि रडून झाल्यावर पुढे चढली.

आणि मग घरटं. खालून टोपलीएवढं दिसणारं ते घरटं बाजेएवढं होतं. वर्षानुवर्षं काटक्यांवर काटक्या रचलेल्या, माशांचे काटे, समुद्रसापाचा वाळलेला कणा, आणि मधोमध अगदी ताज्या हिरव्या पानांचं अंथरूण. कुणीतरी आज सकाळीच ते बदललं होतं. पिल्लू मागे सरकलं आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं. अनुजानं शेकडो पक्ष्यांचे डोळे तपासले होते. त्यात कायम भीती असायची. या डोळ्यांत भीती नव्हती, ही कोण आलीय आपल्या घरात, एवढंच होतं. तिनं नकळत मान खाली घातली.

दत्तारामनं पंचा टाकून पिल्लाचं डोकं झाकलं, नख्या मुठीत धरल्या. तिनं सूज चाचपली, भूल दिली, दोरा शोधला. मांसात बुडालेला तो दोरा तिनं कणाकणानं मोकळा केला. तिचे हात स्थिर होते. आपण कुठे उभ्या आहोत हे हातांना कुणी कळवलंच नव्हतं.

खालून विनीतची हाक आली. "अनुजा, रक्ताचा नमुना मिळतोय का बघ." सुई खिशात होती. समुद्रातलं कुठलं विष या पक्ष्यांत उतरतं, हे ती स्वतःच शोधत होती आणि असं रक्त पुन्हा मिळणार नव्हतं. पण देवाकडे मागितलं होतं ते फक्त दोऱ्यासाठी. तिनं खिशाची चेन ओढून बंद केली. विनीतनं दुपारपर्यंत तिच्याशी अबोला धरला.

जखम धुऊन तिनं मान वर केली आणि चुकून खाली पाहिलं. खाली समुद्र होता, आणि समुद्र आणि तिच्यामध्ये पिल्लाची आई तरंगत होती. आयुष्यभर गरुडाचं पोट पाहिलेल्या अनुजाला गरुडाची पाठ दिसली. राखाडी, रुंद, उन्हानं उजळलेली, वाऱ्यानं एकेक पीस हलणारी. तिच्या अंगावर काटा आला. देव ज्या बाजूनं बघतो ती बाजू आपण बघतोय, असं तिला वाटलं. भीती होतीच, पण त्या क्षणी तिला ती फार लहान वाटली.

खाली उतरल्यावर तिनं मूठ उघडली. रक्ताळलेला दोरा. "राईतून काही न्यायचं नाही ना? हा इथंच ठेवू?"

गंगारामांनी तो बोटांत धरून पाहिला. "ह्यां खंय देवाचा? ह्यां आमचा. घेऊन जावा."

तो त्यांनी तिच्या तळहातावर परत ठेवला. पण तिच्या केसांत अडकलेलं पांढरं पीस मात्र काढून घेतलं आणि सातविणीच्या बुंध्याशी ठेवलं.

पुढे रोज सकाळी ती मोटरसायकलनं त्या गावी जाऊ लागली. पिल्लू पाय टेकायचं, उचलायचं, पुन्हा टेकायचं. गंगाराम पूजा आटपून शेजारी येऊन उभे राहायचे. एक दिवस खारा वारा जोरात सुटला. पिल्लानं पंख पसरले, वारा धरला, अंगभर उचललं गेलं.

या वेळी पाय सोबत गेला.

सातवीण सुटली, राई सुटली, ते खाडीवर गेलं आणि खाडीवरून समुद्रावर. गंगाराम काहीच म्हणाले नव्हते, गाऱ्हाणं कुणी घातलं नव्हतं, तरी अनुजाच्या तोंडून शब्द निघाले.

"व्हय म्हाराजा."