वळसंगच्या खळ्यावरचं हेलिकॉप्टर

आधी कप खाली ठेवा बघू. मागे हीच गोष्ट ऐकताना एकाला असा ठसका लागला, की त्याचं धोतर आणि माझी सतरंजी, दोन्ही धुवायला टाकावी लागली. माझी फजिती ऐकायला तुम्हाला फार आवडतं, ठाऊक आहे मला. आणि ही काही चार भिंतींच्या आतली फजिती नव्हे. अख्ख्या वळसंग गावासमोर, दिवसाढवळ्या झालेली!

तेव्हा मी सोलापुरात एका शाळेत सायन्स शिकवत होतो. नवाकोरा मास्तर. नव्या मास्तराला जगातलं सगळं कळत असतं, आणि ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. त्यातच हेडमास्तरांकडच्या एका विलायती मासिकात मी एक चित्र पाहिलं. विमानच, पण नेहमीचे पंख नाहीत! वर दोन भलेमोठे पंखे. धावायला मैदान नको, काही नको. उभ्या जागेवरून सरळ वर जातं, हवेत थांबतं, पुन्हा सरळ खाली उतरतं. हेलिकॉप्टर म्हणे!

झालं. मी येडा झालो. शिमग्याच्या सुट्टीत वळसंगला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो, तेव्हा डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. संध्याकाळी पारावर पाचपन्नास माणसं बसलेली. दाजींनी म्हटलं, "मास्तर, काय नवीन सांगा की शहरातलं."

अहो, भरल्या मोटेला ढकललं त्यांनी!

मी उभा राहिलो. "पंखा फिरला की हवा खाली ढकलतो. हवा खाली, यंत्र वर! पण एकच पंखा ठेवला तर पंखा उजवीकडे आणि खालचं यंत्र डावीकडे गरगरायला लागतं. म्हणून दोन पंखे. एक असा, एक तसा उलटा."

"म्हंजी आमच्या घरातल्यावानी की," दाजींचे चुलते म्हणाले. "दोगी जावा दोन बाजूला ओढत्यात, म्हून घर जाग्यावर हाय."

सगळा पार हसला. मला आणखी चेव चढला. पूर आला तर झाडावरची माणसं उचलेल, टपाल आणेल, टोळधाडीवर औषध फवारेल. मासिकात यातलं अर्धंही नव्हतं बरं का! उतरायला जागा किती लागते? एक खळं पुरे!

पाराच्या कडेला पारूआजी बसली होती. अक्काची शेजारीण. शेरडं-मेंढरं राखणारं घर. म्हातारी पहाडासारखी, तिचा शब्द मोडायची गावात कुणाची छाती नव्हती. तिनं विचारलं, "अडलेल्या बाईला सोलापूरला न्हेतंय का त्ये?"

"नेतंय म्हणजे? दवाखान्याच्या दारात उतरवतंय!"

"बैलगाडीगत धक्कं?"

"एक नाही! पोटातलं पाणी हलणार नाही, आजी."

"मग येनार कवा हितं?"

आणि मी, पदवीधर गाढव, छाती फुगवून म्हणालो, "आज ना उद्या, तुमच्या वळसंगच्या खळ्यावर उतरणारच!"

आता तुम्हीच सांगा, 'आज ना उद्या' म्हणजे काय? कधीतरी. आपल्या हयातीत. देव करो आणि तसं होवो. होय ना? पण गावानं काय ऐकलं? 'आज न्हाय. उद्या.'

सकाळी अक्कानं मला गदागदा हलवून उठवलं. "ऊठ की रं श्रीपती! समदं गाव खळ्यावर जमलंय. कवा यायचंय तुजं इमान?"

"कुठलं विमान?"

"आता कुटलं म्हंतोय! तूच बोलावलास न्हवं?"

मी तसाच धावलो. खळं बघतो तर काय! शेणानं सारवून लख्ख केलेलं. भोवती चुन्याचं रिंगण. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून कडब्याच्या गंजीवर धोंडे ठेवलेले. शेरडं बांधलेली. म्हाताऱ्यांनी पटके हनुवटीखालून आवळून बांधलेले, जणू सगळ्यांचीच दाढ दुखतेय. पाटील हार घेऊन उभे. आणि सगळ्या माना वर, आभाळाकडे.

मला हसू येणार, इतक्यात मधोमध बाज दिसली.

बाजेवर पारूआजीची सून होती, सुंदरा. रात्रीपासून अडली होती. चेहरा पांढराफटक, ओठ दातांत धरलेले. शेजारी सुईण आणि सुंदराचा नवरा मायाप्पा. सुईण पहाटेपासून सांगत होती, माझ्या हातातलं हे काम नाही, सोलापूरला न्या. पण पारूआजीनं जन्मात ऐकलं नसतं. तिच्या घरात आजवर कुणी दवाखान्याची पायरी चढलं नव्हतं. आज तयार झाली ती एकाच भरवशावर. माझ्या!

"मास्तर," ती म्हणाली, "लवकर येऊ दे म्हनावं. पोरीला सोसंना."

पळून जावंसं वाटलं. खरंच सांगतो. पण सुंदरा माझ्याकडेच बघत होती. मी हात जोडले. "आजी, विमान येणार नाही. अजून आपल्या देशात ते आलेलंच नाही. मी आपलं पुढेमागे येईल म्हणून बोललो. मला माफ करा."

पाटलांनी हार पाठीमागे लपवला.

पारूआजी मला मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती मुलाला म्हणाली, "उचल बाज. घरला चल."

"घरी नाही!" मी असा ओरडलो की माझा मलाच धक्का बसला. "आजी, घराबाहेर काढलंच आहे तिला. अक्कलकोटहून सोलापूरला जाणारी सर्व्हिस मोटार आता सडकेवरून जाईल. बाज तिकडे आणा!"

आणि सुटलो सडकेकडे. मोटार धूळ उडवत येतच होती. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात डोक्यावर गरागरा फिरवू लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, "आगा बगा, मास्तरच उडायलाय!"

करकचून ब्रेक. ड्रायव्हर इस्माईलभाईंनी मान बाहेर काढली. "क्या मास्टर, मरनेका है क्या? गाडी फुल है, जगा नै!"

"भाई, बाई अडलीय. जीव जाईल."

त्यांनी बाजेकडे पाहिलं आणि मागे वळून नुसतं म्हणाले, "उतरो सब."

काय सांगू, एकानं कुरकुर केली नाही! कापडवाले उतरले, कोंबड्या घेतलेली बाई उतरली, कोर्टाच्या तारखेला निघालेला एक गृहस्थ काळा कोट सावरत उतरला. गावानं कडबा आणून गाडीत जाड थर घातला, वर गोधड्या. सुंदराला निजवलं. सुईण, मायाप्पा, पारूआजी आत. मी फूटबोर्डवर चढलो, तर इस्माईलभाई म्हणाले, "तुम उतरो मास्टर. तुम्हारी बातोंका वजन बहुत है."

गाडी गेली. मी धुळीत उभा, आणि भोवती खोळंबलेले प्रवासी. त्या दिवशी जेवायलाही अक्काकडे गेलो नाही. सडकेवरच्या दगडावर बसून राहिलो.

संध्याकाळी मोटार परतली. इस्माईलभाई लांबूनच भोंगा वाजवत होते. मुलगी झाली होती, आणि मायलेकी सुखरूप! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मी दगडावर बसूनच रडलो. पाटलांनी तो वाळलेला हार इस्माईलभाईंच्या गळ्यात घातला. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, आणि तेच बरं होतं.

बारशाला मात्र मला आग्रहानं बोलावलं. सुंदराच्या माहेरची मंडळी सांगोल्याहून आलेली. बघतो तर पारूआजी मधोमध बसून त्यांना सांगतेय, "आमच्या सुनंला इमानातनं न्हेली! सरळ वर गेलं बगा. हवा खाली, यंत्र वर! पोटातलं पानी हललं न्हाय!"

सांगोलेकर आ वासून ऐकताहेत. आणि वळसंगकर? सगळे गंभीरपणे माना डोलावताहेत! मायाप्पा तर दोन हातांनी पंखे कसे फिरतात ते दाखवतोय.

मला राहवेना. सायन्सचा मास्तर ना मी! म्हटलं, "आजी, ती मोटार होती हो."

म्हातारीनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मास्तर, तुमी हुता का आत?"

"मी... नव्हतो."

"इमानात बसलाय कदी?"

"नाही."

"मग आमी बसलेली मानसं सांगतोय तवर गप ऱ्हावा की!" आणि सांगोल्याच्या पाहुण्यांकडे वळून ती म्हणाली, "लई भोळा मानूस हाय. सोलापूरला शिकवायला हाय म्हनं."