समोरच्या बिल्डिंगपेक्षा दोन युनिट जास्त

टिटवाळ्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनल बसले तेव्हा मी सेक्रेटरी होतो, म्हणजे सूर्य माझ्याच सहीने उगवतो अशा थाटात मी फिरायचो. समोरच्या बिल्डिंगने आमच्या आधी बसवलेले. रोज संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्हीकडे दिवसभरात बनलेल्या विजेचे युनिट टाकायचे, ही आमची आरती. ज्याचे कमी, त्याने त्या दिवशी तोंड उघडायचं नाही.

मे महिन्यात अर्धी गल्ली गावाला गेली. एसी बंद, पंखे बंद, ऊन मात्र जोरात. दोन्ही गच्च्या भर दुपारी वीज बनवून तारेत ढकलतायत आणि वापरायला कुणी नाही. मग व्होल्टेज चढायचं आणि पॅनलची वीज तारेत सोडणारा आमचा इन्व्हर्टर शहाण्यासारखा आपणहून बंद पडायचा. समोरच्यांचा मात्र चालू. आम्ही मागे पडलो आणि माझं डोकं फिरलं.

पॅनल बसवणाऱ्या टेक्निशियनला बोलावलं. म्हटलं, किती व्होल्टेजला बंद पडायचं ती मर्यादा वाढवून दे. तो म्हणाला, "काका, ती सेफ्टीसाठी असते. असं नाही करत."

"समोरच्यांनी केलंय ना? मग आमचा सूर्य काय सावत्र आहे?"

त्याने मुकाट्याने करून दिलं. दोन दिवस आम्ही पुढे होतो आणि मी ग्रुपवर नाकाने कांदे सोलत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर आकड्याचा फोटो काढत असताना खालून बायकोची हाक आली. अप्पा, माझे वडील, दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. त्या मशीनला जळका वास येत होता आणि ते बंद पडलेलं. अप्पांचे ओठ निळे पडायला लागलेले. राखीव सिलिंडर रिकामा. तो भरून आणायचं काम माझं होतं, पण मला युनिटांतून सवड कुठली?

सिलिंडर आणला तो समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने. त्याच्या आईसाठी घेतलेला त्यांच्याकडे पडून होता आणि बायकोने त्यालाच फोन लावलेला. ज्याला मी महिनाभर पाण्यात पाहत होतो, तो माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला.

तासाभराने वायरमन आला. दोन्ही गच्च्या बघून त्याने आम्हा दोघांना खाली उभं केलं. "मर्यादा तुम्ही पण वाढवलीत, ह्यांनी पण. आता चढलेलं व्होल्टेज घराघरांत शिरून मशिनी जाळणारच. ते कोणी आवरायचं, गणपतीने?" मग मी वर जाऊन पॅनलचा स्विच पाडला. एवढं सोपं होतं ते, आणि मला लाज वाटली.

संध्याकाळी अप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी पायाशी बसलेलो. त्यांनी मास्क जरासा उचलला आणि विचारलं, "काय रे, आज आपण जिंकलो का?"