करंगळीने फिरवलेलं चाक

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला सगळे करंगळी म्हणतात. माणूस दारातून वाकून आत येणारा, मनगट माझ्या दंडाएवढं. नाव ऐकून आलेलं नवं गिऱ्हाईक आधी एखादा काडीपैलवान शोधत बसतं. पॉवर स्टिअरिंगचं काम झालं की हा इंजिन चालू ठेवतो, करंगळी स्टिअरिंगच्या चाकात अडकवतो आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवतो. तसं फिरलं तरच गाडी बाहेर पडते, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

माझं पंक्चरचं दुकान त्याच्या गॅरेजला खेटून आहे. मधे नुसता पत्रा, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं मला ऐकावंच लागतं. स्टिअरिंग जड झालं म्हणून कोणी आलं की तो गाडी आधी माझ्याकडे पाठवतो, कारण पुढच्या टायरात हवा कमी असली तरी चाक जड लागतं. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं. मग तो तेलाची पातळी बघतो, तेलात फेस आहे का बघतो, पंप फिरवणारा पट्टा दाबून पाहतो, पंपाला कान लावतो. सगळ्यात शेवटी स्टिअरिंगचा दांडा आणि त्याचे सांधे. बाकीचे मिस्त्री गाडी दारात थांबायच्या आत पंप बदला म्हणून सांगतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. याचं मात्र एक वाक्य ठरलेलं होतं, "गाडी खोटं बोलत नाही, मग मी कशाला बोलू?" मला त्या वाक्याचा वीट आला होता. आता तो ते म्हणत नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

कोपऱ्यावर शिंपीकाकांचं दुकान होतं. काका फक्त कोट शिवायचे. शर्टपँट म्हणजे त्यांच्या मते नुसती झाकाझाक. जाड कापडाचे चार पदर ते एका दमात कापायचे, आणि ती कात्री मी एकदा उचलून पाहिली होती, चांगली वजनदार होती. त्यांची गाडीही तशीच जुनी आणि वजनदार. एक दिवस ते गाडी घेऊन आले. "वळवताना जीव जातो रे," ते म्हणाले. "मधेच हलकं, मधेच जड. परवा फाटकाला घासली."

हवा ठीक होती, तेल ठीक होतं, पट्टा ताठ, पंप गप्प. करंगळीने पुढची चाकं जॅकवर उचलली, तरी स्टिअरिंग जडच. मग तो खाली आडवा झाला आणि हसत बाहेर आला. दांड्याच्या तळाशी एक सांधा असतो, आम्ही त्याला क्रॉस म्हणतो. तो गंजून जाम झाला होता. तासाभराचं काम. वळण पुरं मिळालं नाही म्हणूनच गाडी फाटकाला लागली, हेही तो मला म्हणाला. काका तेवढ्यात दुकान उघडायला गेले होते, त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच काकांची मुलगी आली.

"दादा, ती गाडी दुरुस्त करू नका," ती म्हणाली. "बाबांना सांगा, गाडीत काही दोष नाही. फाटक झालं, त्याच्या आधी शाळेतल्या एका मुलीच्या सायकलला धक्का दिला. थोडक्यात वाचली ती. गाडी चालवणं सोडा म्हणून मी सांगून थकले. ते फक्त तुमचं ऐकतात."

"ताई, दोष गाडीत आहे."

"आणि उद्या कोणाचं लेकरू खाली आलं तर? तेव्हाही गाडीतच दोष म्हणणार?"

करंगळी बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिला. ती रडायला लागली, तेव्हा त्याने मान हलवली. मी पत्र्याच्या अलीकडून ओरडून सांगणार होतो की सांधा दुरुस्त कर आणि मग दोघं मिळून म्हाताऱ्याला समजावा. पण दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडायची मला सवय नाही, म्हणून गप्प बसलो.

संध्याकाळी काका आले. करंगळी त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे काका. हात थकले असतील."

काकांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "करंगळीने फिरव बघू."

गाडी अजून जॅकवरच होती. त्याने इंजिन चालू केलं, करंगळी अडकवली आणि चाक फिरवलं. मी समोर उभा होतो. चेहरा हसरा होता, पण मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मधे एका जागी चाक अडलं, आणि तो काहीतरी विनोद करत तसाच ओढत राहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकांनी किल्ली खिशातून काढली आणि बाकावर ठेवली. "विकून टाक," म्हणाले आणि चालत गेले. ते गेल्यावर त्याने हात पाण्याच्या बादलीत बुडवला.

इथवर सगळं मुलीच्या मनासारखं झालं. पण आठवड्याभरात काकांचं दुकान बंद झालं. घेतलेले कोट त्यांनी पुरे केले, नवीन घेतले नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, "जे चाक तो करंगळीने फिरवतो, ते माझ्या दोन हातांना झेपत नाही. अशा हातांनी दुसऱ्याचं महागाचं कापड कशाला कापू?" कात्री त्यांनी एका तरुण शिंप्याला देऊन टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. गंजला होता सांधा, आणि शिक्षा झाली हातांना.

करंगळीने क्रॉस बदलला, गाडी परगावच्या माणसाला गेली, आणि याचं मन कामातून उडालं. काकांच्या बंद दुकानावरून जावं लागू नये म्हणून तो घरी लांबच्या रस्त्याने जायला लागला. शेवटी एक दिवस मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकट्याने जमणार नाही."

काका खिडकीपाशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. इतकी वर्षं त्यांचे हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. मुलगी दारात उभी होती, तिचे डोळे खाली होते.

"काका, तुमच्या हातांना काही झालेलं नाही," करंगळी म्हणाला. "क्रॉस गंजला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो."

काका हसले. "हिने पाठवलं ना तुला? मी असा बसून असतो ते हिला बघवत नाही."

"नाही बाबा, खरंच," मुलगी म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना."

"मीही होतो तिथे काका," मी म्हणालो. "चाक जडच होतं."

"तुम्ही सगळी चांगली माणसं आहात," काका म्हणाले. "पण याला खोटं बोलता येत नाही रे. तोंड बघा कसं झालंय."

मग करंगळीने उजवा हात पुढे केला. त्या दिवसापासून ती करंगळी सरळ होत नव्हती, पेरापाशी वाकडीच राहिली होती. "हे बघा. ते चाक फिरवताना झालं हे."

काकांनी ती करंगळी आपल्या दोन बोटांत धरली आणि कापडाचा पोत बघावा तशी हळूहळू दाबून पाहिली.

"तुझंही वय व्हायला लागलं," ते म्हणाले. "जड कामं आता दुसऱ्याला सांगत जा."