उपाशीमामाचे दिवे

ज्याच्या बंडीला मांडवाएवढं कापड लागे, त्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसाला मांजरसुंब्याचा अख्खा चौक उपाशीमामा म्हणायचा. नाव पोटावरून नव्हतं, दिव्यांवरून होतं. कुणाच्या गाडीत पिवळा बल्ब दिसला की आपल्या ताटातली भाकरी कुणी उचलल्यासारखा तो तळमळायचा. "काढ बे ते. बॅटरी खातंय लई आन् उजेड काजव्यायेवढा. माझा दिवा उपाशी काम करतो. त्याच्या वाटचं मी खातो."

खाण्यापुरतं हे अगदी खरं होतं.

घरातले बिघडलेले एलईडी बल्ब फोडून मामा त्यातले जिवंत दाणे काढायचा आणि गाडीच्या जुन्या बल्बच्या बुडावर डाख लावून बसवायचा. दाणे तापू नयेत म्हणून मागे ॲल्युमिनियमचा पत्रा लागे. तो मामींच्या पातेल्यांतून यायचा. मामींची भांडी कमी होत गेली, तसा तालुक्यातला उजेड वाढत गेला. शेवटी मामी आमटी हंड्यात करू लागल्या.

माझ्या जुन्या डिझेल जीपला त्याने आधी इंडिकेटर बसवले. ते इतक्या घाईने लुकलुकत की मागच्याला वाटे, ही गाडी डावीकडे वळून, चहा पिऊन परतही आली. मामा म्हणाला, "लुकलुक करवणाऱ्या रिलेला वाटतंय बल्ब गेला. इतक्या कमी खाण्यावर कुणी काम करतंय, हे त्याला पटंना." मग रेझिस्टर जोडून त्याने रिलेची समजूत काढली आणि पुढचे मोठे दिवेही बदलले.

एका संध्याकाळी शेतात आईला पान लागलं. साप कोणता, ते बघायलाही थांबलो नाही. आईला आणि बायकोला जीपमध्ये घेऊन बीडचा दवाखाना गाठायला निघालो. घाटाच्या तोंडाशी अंधार पडला आणि तिथेच बॅटरी भरणारा डायनामो गेला. डिझेलचं इंजिन विजेवाचून पळेल, पण दिवे आता बॅटरीत उरलं असेल तेवढ्यावरच. आणि माझी बॅटरी मामाहून म्हातारी. बायकोने मामाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "इंजिन बंद करू नका. हारन वाजवू नका. दिव्याची काळजी सोडा, ते उपाशी ऱ्हातेत."

राहिले. उजेड असा की घाटातल्या म्हशी उजाडलं समजून रवंथ करत उठल्या. दवाखान्याच्या फाटकात इंजिन बंद केलं तेव्हाही दिवे तसेच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

आई हिंडूफिरू लागली तशी बाजरीच्या भाकरींची चवड घेऊन मामाकडे गेली. मामाने फडकं सोडलं, आईकडे पाहिलं, आणि त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा पहिली भाकरी दुसऱ्याच्या हातात दिली.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेला. खांदा द्यायला चौकातले सगळे ड्रायव्हर लागले. थोडे वजनापायी, बाकीचे उपकारापायी.

दिवे अजून जळतात. मी जीप काढली की आई डब्यात एक भाकरी जास्त बांधते, दिव्याच्या वाटची. मांजरसुंब्याला थांबून ती मीच खातो. परवा शिंप्याने माझ्या बंडीचं माप दोनदा घेतलं.