प्लॅस्टिकातली व्हीलचेअर

धम्मप्रिया कसबे सहा दिवस नवी पेठेतल्या दुकानात साड्या उलगडते आणि सातव्या दिवशी माळशिरसकडच्या एका गावात जाऊन अपंग पोरांचे आखडलेले हातपाय उलगडते. व्यायाम ती दवाखान्यातल्या ताईंकडून शिकली, शिव्या मात्र उपजत. कुणी ‘समाजसेविका’ म्हटलं की तिचं डोकंच फिरतं.

दहा वर्षांच्या वैजूसाठी व्हीलचेअर येऊन चार महिने झाले होते. पण ती ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकात गुंडाळून, नव्या नवरीसारखी झाकून ठेवलेली. धम्मप्रिया वैजूला आणि तिच्या आईला घेऊन तिथंच जाऊन धडकली.

“आमदारसायबांची तारीख मिळंना की,” सरपंच म्हणाले. “त्यांच्याच हातनं द्यायची हाय. फोटो नको व्हय?”

“आणि तोवर पोरीनं काय करायचं?”

“दहा वर्सं थांबलीच की. आनी थोडं.”

दिवसभर साड्यांची पाकिटं फाडणारे हात धम्मप्रियाचे. एका हिसक्यात प्लॅस्टिक टराटरा फाडलं, वैजूला आईच्या कडेवरून उचललं आणि खुर्चीत बसवलं. वैजूनं चाकं रेटली. मतदानाच्या वेळी केलेल्या सिमेंटच्या उतारावरनं स्वारी थेट अंगणात.

“आगं, उद्घाटन व्हायचंय अजून!” सरपंच मागनं धावले. “निगालीस कुटं?”

“मुतायला,” वैजू न थांबता म्हणाली. “आई रानातनं येईस्तवर रोज दाबून बसते. त्याला बी सायबांची तारीख घ्यायची का?”