लोणच्याच्या कपाटातली काळी बियर

सकाळी अकरा वाजता बियर चाखण्याचा मला पगार मिळत असे. हे मी फार थोड्या माणसांना सांगितलं, कारण आमच्या घराण्यात पळीभर तीर्थापलीकडे कुणाची मजल गेली नव्हती. आजोबा भिक्षुकी करत, वडील निजामाच्या राज्यात कचेरीत चिकटलेले कारकून. मी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बियरच्या कारखान्यात, लॅबमध्ये लागले. वडील शेजाऱ्यांना सांगत, "पोरगी कंपनीत आहे." त्या वर्षांत औरंगाबादेत इतक्या कंपन्या उगवत होत्या की कुठल्या कंपनीत, असं कुणी विचारायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चव घ्यायची खोली उत्तरेला होती. खिडकीबाहेर पत्र्याच्या शेड आणि त्यांच्या मधोमध, विकायचा राहून गेलेला, ज्वारीचा एक तुकडा. बार्ली शिजायला लागली की तिचा गोडसर वास त्या ज्वारीवर पसरायचा आणि मला वाटायचं, हे शेतच कुणीतरी मोठ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवलंय. मी मुळातच रेंगाळणारी. आई म्हणायची, "हिला पाणी आणायला पाठवा, तहान विसरून जाईल इतक्या वेळानं येते." त्या खोलीत माझा हा गुण पहिल्यांदा कामाला आला.

खोलीचे नियम कडक होते. पेल्यांवर नुसते आकडे, नाव कुठलंही नाही. बोलायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, दोन पेल्यांच्या मध्ये चिमूटभर मुरमुरे खायचे. पान-तंबाखू बंद, अत्तर बंद आणि माझ्यापुरतं सांगायचं तर गजरा बंद. मोगऱ्याच्या दिवसांत सुटी झाली की मी क्रांती चौकात उतरून आधी गजरा घेई, मग घरी जाई. नाव झाकल्याशिवाय न्याय होत नाही, हे त्या खोलीचं ब्रीद होतं आणि मला ते फार आवडे. खरं तर आम्ही चव घेत नव्हतो, खोड काढत होतो. आमची बियर पिवळी, पाण्यासारखी निर्मळ. तिला केळ्याचा वास आला की खोट, लवंगेचा आला की खोट. वास येणं हाच गुन्हा.

आमच्याकडे बियर शिजवणारा एक तरुण केमिस्ट होता. माझ्याहून थोडा लहान, मला मॅडम म्हणे. त्याची आई जुन्या मोंढ्याजवळच्या बाटल्यांच्या वखारीत कामाला होती. गावभरातून गोळा झालेल्या रिकाम्या बाटल्या तिथं येत, बायका त्या निवडत आणि न निघणारी लेबलं नखानं, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढत. त्याच बाटल्या धुऊन पुढं आमच्या कारखान्यात भरायला येत. तो हे लपवत नसे. "मॅडम, आपल्या कारखान्यात येणाऱ्या बाटलीला पहिला हात माझ्या मायचा," असं तो अभिमानानं सांगायचा.

कंपनीनं त्याला नव्या यंत्राचं शिक्षण घ्यायला बेल्जियमला धाडलं. परत आल्यावर सगळे त्याला बर्फाबद्दल आणि गोऱ्या बायांबद्दल विचारत होते. तो मात्र एकाच गोष्टीबद्दल बोलत राहिला. "काळी बियर, मॅडम. आपल्या काकवीसारखी. थंडगार करत नाहीत. हळूहळू पितात. आणि बाटलीत वर्षानुवर्षं टिकते, जुनी झाली की आणखी चांगली." येताना त्यानं तिथलं यीस्ट एका काचेच्या नळीत, कोटाच्या आतल्या खिशात घालून आणलं होतं. लेकरू कडेवर घेऊन आल्यासारखा तो ती नळी दाखवत होता.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या मागं लागून लागून त्यानं एक लहान टाकी मिळवली. अट एकच. चव घेणाऱ्यांनी पास केली तर बाटलीत भरायची, नापास केली तर गटारात आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. त्यानं बार्ली जास्त भाजली, परदेशी काळ्या साखरेऐवजी काळा गूळ घातला. टाकी आंबायला लागली. जेवणाच्या सुटीत तो डबा घेऊन तिच्यापाशीच जाऊन बसे.

शहर तेव्हा वेगळ्याच गोष्टीनं आंबत होतं. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला होता, नाव काही लागत नव्हतं. मोर्चे निघत, बंद होत, खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत. तो सुटीच्या दिवशी मोर्चाला जाई. आमच्या घरात या विषयावर वडील पेपर तोंडासमोर धरत आणि मी, माझ्या पदवीवरचं नाव बदलेल का, एवढाच विचार करी. एकदा डबा खाताना मी त्याला चिडवलं, "नावानं का पोट भरतं? विद्यापीठ तेच, पुस्तकं तीच." तो हसला. म्हणाला, "तुमचं पोट भरलेलं हाय मॅडम, म्हणून इचारता." मला राग आला. चपाती तशीच ठेवून मी उठले, आणि संध्याकाळी गजरा घ्यायलाही विसरले.

काळ्या बियरचा दिवस नेमका एका बंदच्या दुसऱ्या दिवशी आला. बस नीट सुरू नव्हत्या, चव घेणारे निम्मे आलेच नाहीत. साहेब, यंत्रांवरचे एक वयस्कर इंजिनीयर आणि मी, एवढेच. ज्याची बियर त्याला चव घ्यायला बसता येत नसे, काही सुचवताही येत नसे, म्हणून तो बाहेर, काचेच्या दारापलीकडे उभा होता. त्याचे हात पाठीमागं होते आणि डोळे माझ्या पेल्यावर.

आणि आमच्या लोकांनी सवयीनं चूक केली. पेले नेहमीसारखे बर्फगार करून आणले. ज्या बियरला ऊब लागते ती आम्ही गारठवून पुढ्यात घेतली, कारण बियर म्हटली की गार, हे आम्हाला पाठ होतं. मी पहिला घोट घेतला. जिभेला गारवा, मग कडसर काळेपणा, मग काहीच नाही. दार बंद करून बसलेल्या घरासारखी ती वाटली. साहेबांनी वास घेतला, भुवया चढवल्या आणि नियम मोडून बोलले, "मॅडम, ये बियर है या काढा? लवंग आहे हिच्यात. बिघडलीय." इंजिनीयरांनी मान डोलावली. दोघांनी नापास लिहून पेन खाली ठेवलं.

मी अजून तशीच बसले होते. नेहमीप्रमाणे रेंगाळत, पेला दोन्ही तळव्यांत धरून, ज्वारीकडं बघत. काच हळूहळू कोमट होत गेली आणि मग, काय सांगू, तो पेला बोलायला लागला. आधी गुळाची काहील चुलवणावर चढते तसा वास. त्यामागून मनुका, खारीक, भाजलेल्या पोळीच्या काळ्या डागाची चव. लवंग होती, पण ती विड्यातल्या लवंगेसारखी, जागच्या जागी. घशाखाली उतरताना ऊब, जणू थंडीत कुणी पाठीवर शाल टाकली. वर गोड आणि शेवटी कोरडी, म्हणजे तोंडाला मिठी न मारता निघून जाणारी. मला वाटलं, आपण सगळं आयुष्य पाण्याचे दोष मोजण्यात घालवलं.

"ही बिघडलेली नाही," मी म्हणाले. माझा आवाज त्या खोलीत मलाच परका वाटला. "पेला हातात धरून ठेवा. जरा ऊब येऊ द्या."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी पेला धरला, चुळबुळत वाट बघितली, पुन्हा चव घेतली. म्हणाले, "वाईट नाही." इंजिनीयर तर पेला संपवून ओठ पुसत होते. नापासचं पास झालं. काचेपलीकडं त्याचे हात पुढं आले. आत येताना त्याचा चेहरा असा होता की मी खिडकीबाहेर बघितलं.

पण साहेबांनी हिशेबी माणसाचा निकाल दिला. म्हणाले, "पास. पण वेगळं नाव लावून ह्या रंगाची आपल्याकडं कोण घेणार? थोडी थोडी करून स्ट्राँग बियरमध्ये मिसळून टाकू. कुणाला पत्ता लागायचा नाही आणि माल वाया जायचा नाही. तुझी बियर लोक पितीलच की."

तो मग शांतपणे म्हणाला, "साहेब, तिला नापास करा."

"वेडा झालास? मॅडम भांडून पास करून घेतायत अन् तू..."

"दुसऱ्याच्या नावाखाली नको. नाव नाय तर गटारात वता. वतलेली कळंल तरी, की व्हती."

मला माझी अर्धवट सोडलेली चपाती आठवली. नाव झाकून न्याय होतो हे ज्या खोलीत मी शिकले, तिथंच मला कळलं की ज्याचं नाव आधीपासून भिंतीवर कोरलेलं असतं, त्यालाच ते झाकायची चैन परवडते.

दुपारी टाकी सोडून दिली. सगळ्या वसाहतीत गूळ आणि मनुकांचा वास पसरला. बायका शेडमधून बाहेर येऊन विचारू लागल्या, कुणाकडं लगीन हाय का? नमुन्याच्या दोन बाटल्या मात्र लॅबच्या कपाटात उरल्या, तशी रीतच होती. पुढं कपाट रिकामं करायचं ठरलं तेव्हा साहेब म्हणाले, "घेऊन जा रे तुझ्या." त्याला नेता येईना. त्याची आई बौद्ध, पंचशील पाळणारी, घरात दारूचा थेंब चालायचा नाही. म्हणून त्या बाटल्या एका भिक्षुकाच्या घराण्यात आल्या. मी त्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून लोणच्याच्या कपाटात, बरण्यांच्या मागं ठेवल्या. तिथं अंधार होता, गारवा होता. एकदा वडिलांच्या हाताला लागल्या. मी म्हटलं, "काढा आहे." ते म्हणाले, "जुना होईल तितका गुणकारी." मी मान हलवली. खोटं नव्हतंच ते.

वर्षं गेली. वडील गेले. माझ्या बटांत पांढरं दिसू लागलं, तो दुसऱ्या कारखान्यात वरच्या जागी गेला. खिडकीबाहेरची ज्वारी गेली, तिथं गोदाम आलं. कधीतरी लोणचं काढताना हात त्या लुगड्याला लागे आणि वाटे, आत कुणीतरी शांत झोपलंय, उठवायची वेळ अजून झाली नाही.

मग एका संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. जुनं ठेवून नवं जोडलं, असं. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, बरोबर आई. वाळकुडी बाई, पांढरं लुगडं, उजव्या अंगठ्याचं नख जाडजूड आणि वाकडं. मी तिच्या पाया पडले तर ती मागं सरकली. "नाय बाई, नाय." मग तिळगूळ दिला. मी कपाटातून लुगडं काढलं आणि उलगडलं. दोन बाटल्या बघून ती हसली. "जल्मभर बाटलीला हात लावला, तोंड नाय लावलं. तुमी घ्या."

एक बाटली उघडली. दोन पेल्यांत ओतली. फेस कमी झाला होता, रंग अधिक खोल, धरून बघितला की कडेला तांबूस. लवंग मवाळ झाली होती. खारीक आणि गूळ एकमेकांत विरघळून त्यांचं तिसरंच काहीतरी झालं होतं. आम्ही तिळगुळाबरोबर ती चाखली. बाहेर फटाके वाजत होते. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"मार्क द्या मॅडम," तो म्हणाला.

"आधी नाव लावा," मी म्हणाले.

तो ह्याचीच वाट बघत असावा. खिशातून त्यानं छापखान्यातून आणलेलं एक लेबल काढलं, चांगल्या कागदाचं. मी स्वयंपाकघरात कणकेची खळ शिजवली. त्यानं दुसऱ्या, न उघडलेल्या बाटलीवर ते लेबल लावलं आणि तळव्यानं सारखं केलं. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. हजारो नावं तिनं न वाचता खरवडली होती.

"काय लिव्हलंय?" तिनं विचारलं.

त्यानं बाटली तिच्या मांडीवर ठेवली. "तुझं नाव हाय, माय."

तिनं बाटली उजेडाकडे वळवली. मग सवयीनं तिचा अंगठा पुढं आला. ते जाड नख तिनं लेबलाच्या कडेखाली घालून बघितलं, एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. हात मागं घेतला आणि म्हणाली, "पक्कं बसलंय. निघायचं नाय."