क्लोरीनवर गूळ

बद्रीनाथचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कंपनीची बस करमाडच्या फाट्यावर सहाला यायची, पण त्याआधी खोकून घ्यायचं असे. न्हाणीत नळ सोडून तो खोकायचा. बायको, दीपमाला, बाहेरून म्हणायची, "नळ सोडला तरी ऐकू येतंय हो. लपवता कोणापासून?"

लपवायचं होतं ठेकेदारापासून; गल्लीतली निम्मी माणसं त्याच्याच हाताखाली होती. छाती खराब निघाली की गेटपास बंद. शेंद्र्याच्या त्या केमिकल कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी तिथं क्लोरीनचं सिलिंडर गळलं होतं. तोंडाला ओला रुमाल बांधून बद्रीनाथनंच व्हॉल्व्ह बंद केला. सुपरवायझरनं पाठ थोपटली, हातावर गुळाचा खडा ठेवला. "चघळ. गॅस उतरतो." घरी गेल्यावर तो गुदमरला, पण दवाखाना केला नाही. गूळ खाल्ला होता ना! पुढं जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, फुफ्फुसातल्या बारीक नळ्या आकसल्या आहेत, त्या आता मोकळ्या होणार नाहीत.

तरी गुळाचा डबा त्याच्याच कपाटात राहिला. कुणाला गॅस लागला की तो मुकाट खडा काढून द्यायचा. नाही म्हटलं, तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं आणि छातीचं सांगावं लागलं असतं.

त्या सोमवारी पुन्हा वास आला. पाइपाच्या जोडातलं वायसर गेलं होतं. त्याच्या पाळीतल्या राजकुमारनं मास्क न लावताच पाना फिरवला, गळती थांबवली आणि खोकत, हसत बाहेर आला. "बद्रीदादा, गूळ काढा. मोठा खडा द्या, कंजुषी नका करू."

ठेकेदार समोरच उभा होता.

"गुळानं काय होत नाय," बद्रीनाथ म्हणाला. "दवाखान्यात चल."

"मला काय झालंय? उगं हाजरी बुडवू नका."

"आत्ता काय नाय. रातच्याला होईल."

ठेकेदार हसला. "व्हय का, डॉक्टरसाब? तुम्हाला लई कळतंय."

बद्रीनाथनं शर्टाची बटणं सोडली. "कान लावा इथं."

कान लावायची गरजच नव्हती. एवढ्या बोलण्यानंच त्याला धाप लागली होती आणि छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. राजकुमारचं हसू गेलं. तो कंपनीच्या जीपमध्ये बसला.

रात्री राजकुमारला ऑक्सिजन लावावा लागला. आठवड्यानं तो घरी आला. बद्रीनाथचा गेटपास तोवर बंद झाला होता.

पीएफ हातात आला. पत्रे काढून स्लॅब टाकायचं दीपमालाच्या मनात होतं. त्या पैशाचं बद्रीनाथसाठी ऑक्सिजनचं मशीन आलं. करमाडात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरही घ्यावा लागला.